पायडल, पेटी आणि विमान

ऑस्ट्रेलियातल्या ‘रॉयल फ्लाइंग डॉक्टर सर्व्हिस’ या संस्थेची गोष्ट सांगताना बहुतेक जण विमानापासून सुरुवात करतात. नावातच उड्डाण असल्यावर ते साहजिक आहे. रणरणत्या उन्हात लाल मातीवर उतरणारं छोटं विमान, त्यातून बॅग घेऊन लगबगीनं उतरणारा डॉक्टर, हे चित्र छापायलाही बरं दिसतं. पण जवळजवळ शंभर वर्षांच्या या वाटचालीतला मला सगळ्यात मोलाचा वाटणारा भाग जमिनीवर घडला आहे, आणि तोही बहुतांशी घरात. डॉक्टर शेकडो मैल दूर, रोगी इथे, आणि दोघांच्या मधे औषधांची पेटी उघडून बसलेली घरातलीच एखादी बाई. दुरून वैद्यकीय सेवा देणं म्हणजे काय, हे मोबाइलच्या पडद्यावर डॉक्टर दिसू लागण्याच्या कितीतरी आधी या लोकांनी स्वतःच्या गरजेपोटी शोधून काढलं होतं.

सुरुवात १९१७ पासून करावी लागते. तेव्हा संस्था जन्मायला अजून अकरा वर्षं होती.

पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या उत्तर भागात, किंबर्ली प्रांतात हॉल्स क्रीक नावाचं गाव आहे. सोन्याच्या शोधात माणसं आली म्हणून वसलेलं आणि सोनं आटल्यावर रोडावलेलं. तिथून तीसेक मैलांवर रूबी प्लेन्स नावाचं गुरांचं अवाढव्य कुरण. त्या कुरणावरचा जिमी डार्सी हा एकोणतीस वर्षांचा गुराखी घोड्यावरून पडला आणि त्याच्या पोटात जबर मार बसला. तिकडचा हिवाळा चालू होता, म्हणजे आपला आषाढ-श्रावण. त्याला गाडीत घालून, खडखडत, बारा तासांनी हॉल्स क्रीकला आणलं. गावात डॉक्टर नव्हता. होते ते पोस्टमास्तर एफ. डब्ल्यू. टकेट. त्यांनी पूर्वी कधीतरी प्रथमोपचाराचे धडे घेतले होते, एवढ्या भांडवलावर गावानं रोगी त्यांच्या दारात आणून ठेवला. (आपल्याकडच्या खेड्यांतही शाळामास्तरांवर आणि कंपाउंडरवर अशी वेळ काही कमी आलेली नाही.)

टकेटनी आधी विंडम आणि डर्बी या जवळच्या, म्हणजे तिकडच्या हिशेबानं जवळच्या, बंदरांत डॉक्टर मिळतो का पाहिलं. नाही मिळाला. मग त्यांनी थेट पर्थला तार जोडली. तिथले डॉ. जो हॉलंड म्हणजे ज्यांच्याकडे टकेट प्रथमोपचार शिकले तेच. तारेवर लक्षणं गेली, तारेवर निदान आलं: मूत्राशय फुटलं आहे, ताबडतोब शस्त्रक्रिया केली नाही तर रोगी हाती लागणार नाही. हत्यारं कोणती? खिशातला चाकू आणि दाढीचा वस्तरा. जंतुनाशक? पोटॅशियम परमँगनेटचे खडे, विहिरीत टाकतात तेच. भूल द्यायची काही सोय नाही. इकडे डॉक्टर सांगणार, तिकडे त्याची कडकट्ट होणार, मग ऐकणारा ती उकलून टकेटना वाचून दाखवणार, टकेट तेवढं कापणार आणि पुढे काय म्हणून विचारणार. मधल्या प्रत्येक उत्तराला मिनिटं लागत होती. कामगिरी अजब होती, पण ती टकेटनी पार पाडली. पुढे गुंतागुंत झाली म्हणून पुन्हा एकदा हात घालावा लागला, तोही घातला.

हॉलंड मात्र तारेवर विसंबून राहिले नाहीत. गुरं वाहून नेणाऱ्या बोटीनं ते डर्बीपर्यंत आले, तिथून फोर्ड गाडीनं नसलेल्या रस्त्यांवरून निघाले. गाडी वाटेत दगा देत राहिली. युरोपात महायुद्ध पेटलेलं असतानाही ऑस्ट्रेलियातली वर्तमानपत्रं या एका गुराख्याची रोजची खबर छापत होती. डॉक्टर हॉल्स क्रीकला पोचले तेव्हा डार्सीला जाऊन एक दिवस झाला होता. शवविच्छेदनात दिसलं की वस्तऱ्यानं केलेली शस्त्रक्रिया चांगली साधली होती. त्याचा घात केला होता मलेरियानं, जो तारेवरून कुणालाच दिसला नव्हता.

दूरवैद्यकाबद्दल उत्साहानं बोलणाऱ्या प्रत्येकानं हे प्रकरण मुळातून समजून घ्यावं असं मला वाटतं. त्यात या सेवेची ताकद दिसते. हजारो मैलांवरचं ज्ञान एका पोस्टमास्तराच्या हातात उतरलं. आणि तिच्या तिन्ही उणिवाही दिसतात: न पाहता, न तपासता केलेलं निदान अर्धवट राहिलं, या टोकाला साधनं नव्हती, आणि शेवटी डॉक्टर जातीनं पोचायला हवा होता तेव्हा तो पोचू शकला नाही. फ्लाइंग डॉक्टरचा पुढचा सगळा इतिहास म्हणजे या तीन उणिवांशी घातलेली झटापट आहे. गंमत अशी की त्यांनी शेवटची उणीव सगळ्यात आधी हाताळली.

डार्सीची बातमी वाचणाऱ्यांत जॉन फ्लिन नावाचा प्रेस्बिटेरियन पाद्री होता. जन्म १८८०चा, व्हिक्टोरियातला. शहरातल्या चर्चमध्ये प्रवचनं देत बसण्यापेक्षा अंतर्भागातल्या माणसांत हिंडणं त्याला आवडे. १९१० मध्ये त्यानं कुरणांवर राहणाऱ्या लोकांसाठी एक हातपुस्तिका काढली, तिच्यात प्रार्थनांच्या जोडीला प्रथमोपचारही होते. १९१२ मध्ये त्याच्या अहवालावरून चर्चनं ‘ऑस्ट्रेलियन इनलँड मिशन’ काढलं आणि त्यालाच प्रमुख केलं. मिशनतर्फे त्यानं जागोजाग छोटी शुश्रूषागृहं उभारली आणि तिथे दोन-दोन परिचारिका जोडीनं पाठवल्या. त्या काळी पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या ३ लाख चौरस किलोमीटरच्या आणि नॉर्दर्न टेरिटरीच्या जवळपास १५ लाख चौरस किलोमीटरच्या टापूत मिळून दोनच डॉक्टर होते. आपला अख्खा महाराष्ट्र ३ लाख ८ हजार चौरस किलोमीटरचा. म्हणजे चंद्रपूरपासून सावंतवाडीपर्यंत एक डॉक्टर, आणि त्याच्याकडे जायला घोडा किंवा उंट.

विमानाची कल्पना मात्र फ्लिनची नव्हे. क्लिफर्ड पील हा वैद्यकाचा विद्यार्थी महायुद्धात वैमानिक म्हणून भरती झाला आणि १९१७ च्या अखेरीस युरोपकडे जाताना त्यानं फ्लिनला एक लांबलचक पत्र पाठवलं. त्यात विमानाचा वेग, खर्च, तळ कुठे ठेवावेत, याचे हिशेब मांडले होते. विमान हे तोवर लोकांना जत्रेतलं नवल आणि लढाईतलं हत्यार एवढंच ठाऊक होतं. फ्लिननं ते पत्र आपल्या ‘द इनलँडर’ नियतकालिकात छापलं आणि पुढची दहा वर्षं त्याचा पाठपुरावा केला. पील ते छापून आलेलं पाहायला राहिला नाही. सप्टेंबर १९१८ मध्ये फ्रान्समध्ये त्याचं विमान पडलं. वय २४.

दहा वर्षं लागली ती पैशांमुळे. शेवटी शेतीची कापणी यंत्रं बनवणारे कारखानदार ह्यू व्हिक्टर मकाय १९२६ मध्ये वारले आणि त्यांनी या प्रयोगासाठी २,००० पौंड ठेवले होते. ‘क्वांटास’ ही आज जगभर उडणारी कंपनी तेव्हा क्वीन्सलँडच्या आडवळणी गावांत टपाल वाहत होती. तिच्याशी मैलामागे दोन शिलिंग असा करार झाला. १५ मे १९२८ रोजी क्वीन्सलँडमधल्या क्लोनकरी गावात ‘एरियल मेडिकल सर्व्हिस’ सुरू झाली, तीही एक वर्षाचा प्रयोग म्हणून. दोनच दिवसांनी पहिलं उड्डाण झालं. वैमानिक आर्थर अ‍ॅफ्लेक, डॉक्टर सिडनीहून आलेले केन्यन सेंट व्हिन्सेंट वेल्च, ठिकाण ज्युलिया क्रीक. धावपट्टीवर शंभरावर माणसं बघायला जमली होती. विमान एका इंजिनाचं, नाव ‘व्हिक्टरी’. डॉक्टर आणि रोगी आतल्या बंद खोपट्यात, वैमानिक मागे उघड्यावर, ऊन-पाऊस अंगावर घेत. विमानात रेडिओ नव्हता. दिशा दाखवायला होकायंत्र, आणि खाली दिसणाऱ्या नद्या, कुंपणं नि तारेचे खांब. पहिल्या वर्षात ५० उड्डाणं झाली, २६ ठिकाणी विमान उतरलं, २२५ रोगी तपासले गेले. प्रयोग चालू ठेवायचं ठरलं.

पण वेल्चना बोलवायचं कसं? हा प्रश्न विमानानं सुटत नव्हता. ज्या वस्तीवर माणूस आजारी पडला तिथून तारघर शंभर-दोनशे मैलांवर. म्हणजे निरोप घेऊन घोडेस्वार दोन दिवस जाणार आणि विमान दोन तासांत येणार. फ्लिनला हे आधीपासून दिसत होतं, म्हणून तो विमानाच्या मागे लागला होता तितकाच बिनतारी संदेशाच्याही मागे होता. इथे या गोष्टीत माझ्या सगळ्यात आवडीचा माणूस येतो: अ‍ॅडलेडचा आल्फ्रेड ट्रेगर, जर्मन वंशाच्या शेतकरी घराण्यातला, कमी बोलणारा, हाताला विलक्षण गुण असलेला विद्युत अभियंता.

१९२६ मध्ये फ्लिन आणि ट्रेगर मोटारीत सामान भरून मध्य ऑस्ट्रेलियात अ‍ॅलिस स्प्रिंग्ज आणि हर्मन्सबर्ग इथे चाचण्या घ्यायला गेले. संदेश जात होते, पण बॅटऱ्या जड, महाग आणि वाळवंटात पुन्हा भरून मिळायला अशक्य. घरात वीज नाहीच. हातानं फिरवायचं जनित्र लावून पाहिलं तर एक हात दांड्यावर अडकला. शिवाय एका हातानं गरगर फिरवायचं आणि दुसऱ्या हातानं मोर्सची टिकटिक करायची, हे काम कसलेल्या तारमास्तरालाही जड. मग बाळाला कडेवर घेऊन बसलेल्या बाईला कसं जमावं? ट्रेगरनं काम पायांकडे दिलं. टेबलाखाली सायकलचे पायडल बसवले, ते मारले की सुमारे ३०० व्होल्टनं २० वॅट वीज तयार व्हायची. २० वॅट म्हणजे आजच्या एखाद्या एलईडी दिव्याएवढी. तेवढ्यात संदेश तीनशे मैल जात होता. दोन्ही हात मोकळे राहिले.

१९२९ च्या जूनमध्ये क्लोनकरीच्या उत्तरेला ऑगस्टस डाउन्स या कुरणवस्तीवर पहिला संच बसला. वस्तीवरच्या बाईंनी पायडल मारत, एकेक अक्षर जुळवत क्लोनकरीला संदेश पाठवला. मोर्स शिकायचं सगळ्यांनाच जमत नव्हतं. ट्रेगरनं तक्रारीचा सूर न लावता आणखी एक यंत्र केलं: टाइपरायटरसारख्या कळा, ‘अ’ दाबला की त्या अक्षराची टिकटिक आपोआप उमटणार. थोड्याच वर्षांत मोर्सही गेला आणि संच सरळ बोलू लागला. रात्री-अपरात्री तळावर कुणी ऐकत बसलेलं नसायचं, त्यासाठीही त्याची तोड होती. दोन सुरांची एक शिट्टी माइकसमोर फुंकायची, ते सूर ओळखून तळावरची घंटा वाजायची आणि डॉक्टर जागा व्हायचा.

यंत्र करणाऱ्यानं वापरणारीचा इतका बारीक विचार केलेला मला फार थोड्या ठिकाणी दिसतो. आजच्या आरोग्य अ‍ॅपवाल्यांनी ट्रेगरचा फोटो भिंतीवर लावायला हरकत नाही.

आता डॉक्टर ऐकू लागला. तो बोलतही होता. आणि इथे अडचण उघडी पडली. डॉक्टर सांगणार अमुक गोळ्या द्या. बाई म्हणणार, आमच्याकडे त्या नावाच्या नाहीत, तांबड्या झाकणाच्या आहेत, त्या चालतील का? घरोघर औषधं वेगळी, कंपन्या वेगळ्या, नावं लॅटिनमधली, वर रेडिओची खरखर. एखाद्या अक्षराचा घोटाळा झाला तर विषबाधाच. डार्सीच्या वेळची साधनांची अडचण तशीच उभी होती. तिच्यावरचा उतारा १९४२ मध्ये ठरला आणि तो एका मोठ्या पेटीएवढा साधा होता. प्रत्येक वस्तीला एकाच प्रकारची औषधपेटी द्यायची. आतली प्रत्येक बाटली, पुडी, मलम ठरलेल्या जागी, आणि प्रत्येकावर ठळक आकडा. नाव वाचायचं नाही, उच्चारायचं नाही. डॉक्टर म्हणणार, ‘आठ नंबरच्या दोन गोळ्या आत्ता, दोन झोपताना.’ तळावर डॉक्टरच्या टेबलाशीही तीच यादी. दोघांच्या डोळ्यांसमोर एकच पेटी.

पुढे १९५१ मध्ये लुसी गार्लिक या परिचारिकेनं याच युक्तीचं दुसरं टोक जोडलं. माणसाच्या शरीराचं पुढून आणि मागून असं चित्र, त्याचे भाग पाडलेले, प्रत्येक भागाला आकडा. ‘पोटात दुखतंय’ या वाक्यानं कुठल्याही डॉक्टरला काही कळत नाही. बेंबीच्या उजवीकडे खाली की बरगडीखाली, यावर अपेंडिक्स की पित्ताशय हे ठरतं. बाई आता रोग्याच्या अंगावर बोट ठेवून चित्रातला आकडा सांगू लागली. वैद्यकाचं शिक्षण नसलेल्या माणसाचं बोट डॉक्टरचं बोट झालं. तपासण्याची उणीव त्यानं संपली नाही, ती अजूनही संपलेली नाही, पण बरीच आवळली गेली.

या पेटीवरचा एक किस्सा तिकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. डॉक्टरनं एका शेतकऱ्याला बायकोला नऊ नंबरची गोळी द्यायला सांगितली. दुसऱ्या दिवशी विचारलं, कशी आहे? तो म्हणाला, ठणठणीत; नऊ नंबर संपल्या होत्या, म्हणून मी चार नंबरची एक आणि पाच नंबरची एक दिली. खरा असो-नसो, दूरवैद्यकाचा कुठलाही जाडजूड ग्रंथ वाचण्याआधी हा विनोद वाचावा. दुरून दिलेला सल्ला समोरचा माणूस स्वतःच्या बुद्धीनं पुरा करतो, आणि तिथेच सगळं घडतं किंवा बिघडतं.

रेडिओचा एक पैलू आज विचित्र वाटेल. सगळ्या वस्त्या एकाच लहरीवर. म्हणजे तुमचा डॉक्टरशी चाललेला संवाद दोनशे मैलांवरच्या शेजारणीला सुस्पष्ट ऐकू येणार. पाळी चुकली, मूळव्याध झाला, नवरा दारू पिऊन पडला, सगळं चव्हाट्यावर. पेटीतल्या आणि चित्रातल्या आकड्यांनी थोडा आडपडदा मिळाला इतकंच. पण यादी सगळ्यांकडेच होती, त्यामुळे आकड्यावरून ताडणारे ताडायचेच. याच लहरीवर ठरलेल्या वेळी बायकांच्या गप्पांचा तास चालायचा. त्याला ‘गलाह’ या कलकलाट करणाऱ्या गुलाबी पोपटाचं नाव पडलं होतं. पाककृती, पाऊस, कुणाचं बाळंतपण, कुणाकडे कोण पाहुणे. महिनोन्‌महिने दुसऱ्या बाईचं तोंड न पाहणाऱ्या बायकांसाठी हा तासही औषधच होता, फक्त त्यावर नंबर नव्हता. दुसऱ्याचं दुखणं ऐकून आपल्या मुलाचं दुखणं लवकर ओळखलं, असंही व्हायचं. पुढे उपग्रह आणि टेलिफोन आले, संवाद खासगी झाला, तो व्हायलाच हवा होता. त्याबरोबर ती सगळ्यांनी मिळून ऐकण्याची चावडीही मोडली.

याच रेडिओवर १९५१ च्या जूनमध्ये अ‍ॅलिस स्प्रिंग्जच्या तळावरून ‘स्कूल ऑफ द एअर’ सुरू झाली. अ‍ॅडलेड मिथ्की या शिक्षणक्षेत्रातल्या बाईंच्या लक्षात आलं होतं की वस्त्यांवरच्या मुलांना डॉक्टरच्या रेडिओवर बोलता येतं, मग त्यांनी शिक्षकाशी का बोलू नये? फ्लिन हे पाहायला राहिला नाही; महिनाभर आधी, ५ मेला तो वारला होता.

संस्थेच्या कारभाराची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण ती कुठल्याही संस्थेसारखीच आहे. १९३० च्या दशकात हा पसारा चर्चला झेपेना. तो देशपातळीवरच्या स्वतंत्र संस्थेकडे सोपवला गेला आणि राज्याराज्यांत विभाग निघाले. विंडम, पोर्ट हेडलंड, ब्रोकन हिल, कॅलगूर्ली, अ‍ॅलिस स्प्रिंग्ज असे तळ एकामागून एक उभे राहिले. १९३७ मध्ये जीन व्हाइट या पहिल्या फ्लाइंग डॉक्टर बाई रुजू झाल्या. १९४२ मध्ये ‘फ्लाइंग डॉक्टर सर्व्हिस’ हे नाव पडलं, १९५५ मध्ये त्याला ‘रॉयल’ जोडलं गेलं. नवल म्हणजे साधारण १९६० च्या दशकापर्यंत संस्थेकडे स्वतःच्या मालकीची विमानं जवळपास नव्हती. ती कंत्राटानं घेतली जात. स्वतःचं होतं ते रेडिओचं जाळं आणि पेट्या. संस्थेनं मालमत्ता कशाला मानली, हे यावरून कळतं.

एक गोष्ट मात्र गौरवग्रंथांत पुसट लिहिली जाते. फ्लिनच्या मिशननं जी माणसं डोळ्यांपुढे ठेवली होती ती मुख्यतः गोरी होती. त्या भूमीवर हजारो वर्षं राहणाऱ्या आदिवासींकडे त्यानं पाठ फिरवली अशी टीका त्याच्या हयातीतच झाली. अ‍ॅडलेडचे शल्यविशारद चार्ल्स ड्यूगिड यांनी ती उघडपणे केली. फ्लिनच्या थडग्याचीही कथा यातलीच आहे. अ‍ॅलिस स्प्रिंग्जजवळच्या त्याच्या समाधीवर ठेवायला सरकारी खात्यानं कार्लू कार्लू इथला एक प्रचंड गोल धोंडा उचलून आणला. तो वारुमुंगू आणि कायटेटये लोकांच्या पवित्र स्थळाचा भाग होता. त्यांना कुणी विचारलं नव्हतं. वर्षानुवर्षांच्या मागणीनंतर, १९९९ मध्ये, तो धोंडा मूळ जागी परत गेला आणि अरेर्न्टे लोकांनी आपल्या भूमीतला दुसरा धोंडा समाधीसाठी दिला. आज संस्थेच्या दूरच्या दवाखान्यांत येणाऱ्यांत आदिवासी वस्त्यांमधले रोगी मोठ्या संख्येनं असतात. सेवेचा परीघ कुणापर्यंत जातो हे तंत्रज्ञान ठरवत नाही, हे या धोंड्याच्या जाण्यायेण्यातून जितकं दिसतं तितकं कुठल्याही अहवालातून दिसणार नाही.

मेलबर्न-सिडनीला राहणाऱ्या मराठी मंडळींच्या पाकिटात फ्लिन रोज असतो. वीस डॉलरच्या नोटेवर त्याचा चेहरा आहे, शेजारी ते विमान आणि ट्रेगरचा पायडलवाला संचही. किराणा घेताना कुणी उलटून पाहत नाही, ते ठीकच.

आज संस्थेकडे स्वतःची आधुनिक विमानं आहेत, २०१८ पासून कच्च्या धावपट्टीवर उतरू शकणारं जेटही आहे. पण औषधपेट्या गेल्या नाहीत. देशभरात त्या दोन हजारांहून अधिक आहेत: कुरणांवर, खाणींवर, दुर्गम पोलीस ठाण्यांत. आत प्रतिजैविकं आहेत, तीव्र वेदनाशामकं आहेत, आणि आकडे अजून तेच काम करतात. प्रत्येक पेटीला जबाबदार माणूस नेमलेला असतो. कुलूप त्याच्या ताब्यात, काय वापरलं याची नोंद त्याच्याकडे, मुदत संपलेली औषधं बदलून घेणंही त्याच्याकडे. डॉक्टरशी फोनवर बोलल्याशिवाय डॉक्टरी औषधाला हात लावायचा नाही.

या व्यवस्थेचा फायदा काय, असं विचारलं तर लोक ‘जीव वाचले’ म्हणतात. वाचलेच. पण रोजच्या कामात त्याहून मोठा फायदा वेगळा आहे: विमान कधी पाठवायचं नाही हे कळणं. पोराला ताप आहे. मान ताठ आहे का, अंगावर पुरळ दाबल्यावर जातं का, पाणी पितं का, एवढं फोनवर विचारून डॉक्टर ठरवू शकतो की पेटीतलं औषध द्यावं नि सकाळी पुन्हा बोलावं, की आत्ता इंजिन चालू करावं. पहिल्या प्रकारचे फोन बहुसंख्य. ते निस्तरले जातात म्हणून दुसऱ्या प्रकारच्या फोनला विमान मोकळं सापडतं. आणि एरवी ‘बघू उद्या’ म्हणून अंगावर काढलेलं दुखणं वेळेत बोललं जातं, कारण बोलायला शंभर मैल जावं लागत नाही. मधुमेह, रक्तदाब, मानसिक ताण यांसारख्या वर्षानुवर्षांच्या सोबत्यांना तर हे वारंवार, थोडं-थोडं बोलणंच उपयोगी पडतं. शिवाय ठरलेल्या वारी विमानानं जाऊन भरवलेले दवाखाने आहेतच. फोनवरचा आवाज ज्याचा, त्याला कधीतरी प्रत्यक्ष भेटलेलं असलं की रोगी खरं बोलतो, हा अनुभव सगळ्याच डॉक्टरांचा आहे.

हे वाचताना आपल्याकडे नजर जातेच. भारतात दूरवैद्यकाची अधिकृत नियमावली आली २५ मार्च २०२० रोजी, टाळेबंदीच्या पहिल्याच दिवशी. पहिल्या भेटीत कुठली औषधं लिहिता येतील, कुठली व्हिडिओशिवाय नाहीत, कुठली अजिबात नाहीत, हे तिच्यात याद्यांसकट ठरवलं आहे. केंद्र सरकारची ‘ई-संजीवनी’ त्याआधी, नोव्हेंबर २०१९ मध्ये सुरू झाली होती. घरबसल्या मोबाइलवरून डॉक्टर गाठण्याची सोय तिच्यात नंतर आली आणि शहरात तिचाच बोलबाला झाला. मला मात्र तिचं मूळ रूप जास्त शहाणपणाचं वाटतं. उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी, म्हणजे ज्यांना सगळे सीएचओ म्हणतात त्या, रोग्याच्या शेजारी बसतात, रक्तदाब मोजतात, साखर तपासतात, पायाची सूज बोटानं दाबून बघतात आणि पडद्यावरच्या डॉक्टरला सांगतात. हे बोट म्हणजे लुसी गार्लिकच्या चित्रावरचं बोटच. त्याही आधी, १९९० च्या दशकात, गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’नं गावातल्या बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं, नवजात बाळाचा जंतुसंसर्ग ओळखायला आणि इंजेक्शन द्यायला शिकवलं, आणि नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून खाली आणले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’नं ते काम छापलं. तिथे पडदा नव्हता, फोन नव्हता. पण या टोकाच्या माणसाला तयार केल्यावर काय होतं ते सगळं होतं.

उपकेंद्रात हे जमतं तेव्हा फार चांगलं जमतं. अडतं कुठे, हे कुठल्याही सीएचओला विचारा. नेटवर्क ही पहिली तक्रार, ती सगळ्यांना पाठ आहे. दुसरी तक्रार ऐकायला कमी येते: पडद्यावरचा डॉक्टर दिसतो, नीट बोलतो, औषध लिहून देतो, आणि ते औषध कपाटात नसतं. मग रोगी चिठ्ठी घेऊन तालुक्याला एसटीनं जातो, ज्यासाठी हा सगळा खटाटोप केला होता तोच प्रवास करायला. पडद्यावरच्या डॉक्टरसमोर त्या-त्या उपकेंद्राच्या कपाटाची त्या दिवशीची खरी यादी उघडलेली असेल, तर तो कपाटात असलेलंच लिहील. यासाठी उपग्रह लागत नाही. फ्लाइंग डॉक्टरच्या लोकांनी १९४२ मध्ये हे काम पेटी आणि आकडे यांवर भागवलं होतं.